डमरूच्या आकाराची चर्मवाद्ये

दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये निमुळते खोड असलेल्या अवनद्ध (म्हणजे तोंडावर चामडे ताणून बसवलेल्या) वाद्यांचा हा वर्ग आशिया, आफ्रिका व ओशियानियात आढळतो. भारतात त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे नटराजाच्या हातातील डमरू. महाराष्ट्रात कुडमुडे जोशी त्याच्यासारखेच छोटे वाद्य वाजवत दारोदार भविष्य सांगत. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने १३ व्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त हुडुक्का या वाद्याचे वर्णन आहे. कुमाऊँ-गढवालातील हुडका आणि तमिळनाडूतील उडुक्कै आजही वाजतात.

या आकाराचे खरे सामर्थ्य त्याच्या कंबरेत आहे. दोन्ही पुड्यांना (म्हणजे तोंडांवरील चामड्यांना) जोडणाऱ्या वाद्या, म्हणजे ताणाच्या दोऱ्या किंवा पट्ट्या, कंबरेपाशी खोडापासून सुट्या राहतात; त्या दाबल्या की पुड्यांवरील ताण वाढून स्वर चढतो आणि दाब सैल होताच उतरतो, त्यामुळे वाजवता वाजवताच स्वर बदलता येतो. केरळातील मंदिरांत सोपानसंगीताच्या साथीला वाजणारा इडक्का खांद्याला अडकवून बारीक काठीने वाजवतात, आणि कसलेला वादक त्यावर पदाची चालही उमटवतो.

याच गुणाचा सर्वांत विलक्षण उपयोग नायजेरियातील योरुबा समाजाने केला आहे. त्यांच्या भाषेत उच्च, मध्यम आणि नीच अशा तीन स्वरपातळ्यांवर शब्दाचा अर्थ अवलंबून असतो. दुंदुन हे याच आकाराचे वाद्य काखेत धरून, वाद्या दाबत वाकड्या काठीने वाजवणारा वादक बोलण्यातील हेच चढउतार आणि लय वाद्यावर उतरवतो व ‘ओरिकी’ ही स्तुतिवचने ऐकवतो. अनेक शब्दांचे चढउतार सारखेच असल्याने तो सुटे शब्द न वाजवता श्रोत्यांच्या परिचयाची पूर्ण वचने वाजवतो. ही कला पिढीजात असून वादक घराण्यांतील नावे अनेकदा ‘आयान’ या शब्दाने सुरू होतात.

जपानी नो नाट्यात या आकाराची दोन वाद्ये असतात. कोत्सुझुमी उजव्या खांद्यावर धरून डाव्या हाताने दोऱ्या आवळतात व तिची पुडी किंचित दमट ठेवतात. ओत्सुझुमीच्या पुड्या मात्र प्रयोगापूर्वी निखाऱ्यावर शेकून कोरड्या करतात, म्हणून तिचा आवाज टणक व कोरडा येतो. कोरियाच्या जांग्गूत दोन बाजूंचे नाद वेगळे असतात आणि दोऱ्यांवरील चामडी पट्ट्या सरकवून ताण जुळवतात.

केवळ आकारावरून या वाद्यांना एकाच गटात बसवणे मात्र अपुरे ठरते. पापुआ न्यू गिनीच्या राष्ट्रचिन्हात स्थान मिळालेल्या कुंडूला एकच पुडी असते, तीही सरपटणाऱ्या प्राण्याच्या कातडीची. ताणाच्या वाद्या त्याला नसतात, आणि पुडीवर मेणाच्या गोळ्या चिकटवून त्याचा नाद आधीच जुळवून घ्यावा लागतो.