बाळंतपणानंतर आईचं मन आणि बाळाशी जुळणं (नाशिक)

डिलिव्हरीनंतर साधारण वर्षभरात आईच्या मनाचं जे काही होतं ते सगळं या विषयात येतं, बाळाशी नातं जुळणं पण त्यातच. दोन्ही एकमेकांत अडकलेलं असलं तरी एकच नाही, डिप्रेशन असूनही बाळावर जीव टाकणाऱ्या बायका असतात आणि तब्येत ठणठणीत असून पहिले काही आठवडे बाळ परकं वाटणाऱ्याही असतात. माया पहिल्याच दिवशी उचंबळून येते हे सिरियलमधलं झालं, खूप जणींना वेळ लागतो आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

दोन-तीन दिवसांनी उगाच रडू येणं, चिडचिड हे निम्म्याहून जास्त बाळंतिणींना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, कशातच मन नाही, तर ते डिप्रेशन असू शकतं. जगभरात बाळंतिणींपैकी साधारण १० ते १५ टक्के जणींना ते होतं, भारतातल्या अभ्यासांत आकडा २० च्या आसपास जातो. भास होणं, भलतंसलतं बोलणं हे हजारात एक-दोघींनाच, पण ती इमर्जन्सी आहे, बाहेरची बाधा समजून उतारे करत बसू नये.

नाशिककडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी निफाड नाहीतर दिंडोरीला जाते, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, कानात कापूस, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, मालिशवाली मावशी रोज येऊन बाळ-बाळंतीण दोघांना न्हाऊ घालते. पाचवीला सटवाई पूजतात, बाळाचं नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन ठेवतात. मदतीला हात भरपूर असतात आणि हे फार मोलाचं आहे, फक्त येणारी प्रत्येक बाई "दूध पुरतं का" विचारते, "झोप होते का गं तुझी" कोणी विचारत नाही. मुलगी झाली असेल तर वरून चार टोमणे.

खरी अडचण नंतरची. सव्वा महिना नाहीतर तीन महिने झाले की ती सिडकोच्या फ्लॅटवर परत, नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला, दिवसभर ती आणि बाळ. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या भेटीही ४२ व्या दिवशी संपतात, पुढे तिसऱ्या महिन्यापासून येतात त्या तीन-तीन महिन्यांनी आणि बोलणं बहुतेक वजन, लसी, वरच्या खाण्याचं. डिप्रेशन मात्र वर्षभरात कधीही डोकं वर काढतं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर तर मानसोपचाराचा डॉक्टर गाठायचा म्हणजे दिवस मोडतो.

तपासायला १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली आहे, मागच्या सात दिवसांबद्दल १० प्रश्न, शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल, तिथं "हो" आलं तर बाकीचे मार्क कितीही कमी असोत लगेच दाखवायचं. उपचार म्हणजे समुपदेशन, लागलं तर गोळ्या, त्यातल्या सर्ट्रालिनसारख्या काही अंगावर पाजतानाही चालतात, त्यामुळे स्वतःहून गोळी किंवा दूध बंद करू नये. बाळाला उघड्या छातीशी धरल्याने जुळायला मदत होते, बाबांनीही धरावं. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं. अ‍ॅडमिट करायची वेळ आलीच तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालचं बाळ सहसा आईपासून तोडत नाहीत, बाळाला धोका आहे असं डॉक्टरला वाटलं तरच वेगळं ठेवतात आणि तेव्हाही देखरेखीखाली भेटू देतात.