पायावरची सूज : अंगात साचलेले पाणी की हत्तीरोग?

संध्याकाळी चप्पल घट्ट होऊ लागली आणि मोज्याच्या कडेचा वळ पोटरीवर उमटू लागला, की घरात पहिला अंदाज जास्त चालण्याचा किंवा फार वेळ उभे राहण्याचा निघतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दुसरी शंकाही मनात असते. पण ती सहसा बोलून दाखवली जात नाही, कारण हत्तीरोग हे नाव लोक पाय खांबासारखा झाल्यावरच उच्चारतात. सुरुवातीच्या महिन्यांत मात्र हत्तीरोगाची सूज आणि हृदय, मूत्रपिंड किंवा औषधांमुळे येणारी सूज एकमेकींसारखी दिसू शकतात. दोन्हींची निगा वेगळी असल्यामुळे त्यांतला फरक याच काळात कळणे गरजेचे असते.

हृदयाचा जोर कमी पडला, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी नीट बाहेर टाकेनाशी झाली किंवा रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटले, की रक्तवाहिन्यांमधले पाणी भोवतालच्या ऊतींमध्ये झिरपते आणि वजनाने खाली उतरून घोट्यापाशी साचते. बिघाड साऱ्या शरीराचा असल्यामुळे ही सूज बहुधा दोन्ही पायांवर सारखीच येते. हृदयाच्या रुग्णाची सूज दिवस कलेल तशी वाढते आणि त्याला आडवे झाल्यावर धाप लागते. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात. यकृताच्या आजारात पोटातही पाणी होते. अॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर घोटे सुजल्याचे कित्येकांनी अनुभवले असेल. ती सूज लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी उतरत नाही, म्हणून अशा वेळी आणखी एक गोळी वाढवण्याऐवजी मूळ गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये.

हत्तीरोगात पाणी जास्त झालेले नसते, तर ते परत वाहून नेणारी वाट बिघडलेली असते. घाण, साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमधून शिरलेले वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी हे जंत लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे ऊतींमधला द्रव परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांमध्ये, सहा ते आठ वर्षे राहतात आणि त्या वाहिन्या रुंदावून निकामी करतात. मागे राहिलेल्या द्रवात प्रथिने भरपूर असल्यामुळे ऊती हळूहळू घट्ट होतात आणि त्वचा जाड, खरखरीत होत जाते. ही सूज बहुतेकदा एका पायावर सुरू होते, किंवा दोन्ही पायांवर आली तरी कमीजास्त असते. पुष्कळदा तिच्याआधी थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ येते, जिला आपण अवधाण म्हणतो, आणि पायावर लाली पसरते. चार दिवसांत ताप उतरला, की घरचे त्याला मलेरिया समजून विसरून जातात. प्रत्येक तापानंतर सूज थोडी अधिक मागे राहते, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

घरी करण्याजोगी परीक्षा म्हणून नडगीवर अंगठ्याने दहाएक सेकंद दाबून पाहण्यास सांगितले जाते. खड्डा पडला आणि हळूहळू भरला, तर पाणी साचले आहे एवढे कळते. पण एवढ्यावरून हत्तीरोग नाही असे ठरवणे मला धोक्याचे वाटते, कारण सुरुवातीला हत्तीरोगाच्या सुजेतही तसाच खड्डा पडतो आणि रात्री पाय उंच ठेवल्यास सकाळी ती उतरतेही. त्याहून उपयोगी खूण पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची आहे. त्या बोटाच्या मुळाशी वरची त्वचा चिमटीत धरता आली नाही, तर दोष लसिकावाहिन्यांचा असण्याची शक्यता बरीच असते. चिमटीत आली तरी मात्र शंका पूर्णपणे फिटत नाही. रक्ताची तपासणीही फसवू शकते. जंतांची पिल्ले रक्तात रात्री उतरतात, म्हणूनच हत्तीरोग पथके रात्री घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेतात. आणि पाय सुजलेल्या अनेक रुग्णांच्या रक्तात ती सापडतच नाहीत.

निगा घेताना हा फरक रोज जाणवतो. अंगात पाणी साचत असेल तर लोणचे, पापड आणि वरून घेतलेले मीठ कमी करावे, रोज वजन करावे आणि गोळ्या वेळेवर घ्याव्यात. धाप लागणाऱ्या हृदयरुग्णाला आडवे पाडून त्याचे पाय उशांवर चढवू नयेत, कारण त्याने पायातले पाणी हृदयाकडे परतते आणि धाप वाढते.

हत्तीरोगाच्या पायाला मात्र अंगाचा साधा साबण आणि पाणी हेच रोजचे औषध आहे. बोटांच्या बेचक्या आणि त्वचेच्या घड्या रोज हलक्या हाताने धुवाव्यात, मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरड्या कराव्यात आणि चिखल्या किंवा भेगा असतील तर डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे, कारण जंतुसंसर्ग याच फटींमधून आत शिरून तापाचा पुढचा झटका आणतो. बसताना आणि झोपताना पाय उंच ठेवावा, घोटा वरखाली हलवण्याचा व्यायाम करावा आणि न बोचणारी चप्पल वापरावी. ताप चढलेला असताना मात्र व्यायाम, शेक आणि चोळणे बंद ठेवावे, पायावर थंड पाण्याची घडी ठेवावी आणि दवाखाना गाठावा. हत्तीरोगाविरुद्धच्या सामुदायिक मोहिमेत सर्वांना दिल्या जाणाऱ्या गोळ्या सुजलेला पाय पूर्ववत करत नाहीत. त्या रक्तातील पिल्ले मारून पुढचा प्रसार थांबवतात, म्हणून पायावर सूज नसलेल्या घरच्यांनीही त्या घ्यायच्या असतात. नागपूर जिल्ह्यात 2019पासून डीईसी (डायइथिलकार्बामाझिन) आणि अल्बेंडाझोल या जंतांवरील औषधांच्या जोडीला आयव्हरमेक्टिनही दिले जाऊ लागले.

दोन प्रसंगी मात्र घरी परीक्षा करत बसू नये. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजून पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर हात आणि चेहरा सुजला, डोके दुखू लागले किंवा रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरला, तर लगेच रुग्णालयात जावे.

दोन्ही प्रकारच्या सुजा एकाच माणसात असणेही अशक्य नसते. कित्येक वर्षे एकच पाय जाड असलेल्या वयस्कर माणसाचा दुसरा घोटाही भरून येऊ लागला, तर जुनाच आजार पसरला असे गृहीत न धरता रक्तदाब, लघवी आणि हृदय तपासून घ्यावे, आणि सध्या सुरू असलेल्या साऱ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावीत.