पार्श्वभूमी : ग्रंथ आत वळून वाचण्याची परंपरा

नेव्हिल गोडार्ड यांची भाषणं हल्ली मोबाईलवर सहज ऐकायला मिळतात. बार्बाडोसमध्ये १९०५ साली जन्मलेले गोडार्ड तरुणपणी न्यूयॉर्कला गेले. बायबलमधली पात्रं म्हणजे आपल्याच मनाच्या अवस्था, देव म्हणजे माणसाची कल्पनाशक्ती आणि समृद्धी आधी मनात उभी करायची, अशी त्यांची शिकवण. या विचाराला बळ दिलं मनातले विचारच आयुष्य घडवतात असं मानणाऱ्या अमेरिकेतल्या न्यू थॉट चळवळीने आणि तिचं मूळ जातं एकोणिसाव्या शतकातल्या फिनिअस क्विम्बी या घड्याळजीपर्यंत. तो मनाच्या बळावर रोग बरे करू पाहत होता. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या शतकात, अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो मोशेच्या ग्रंथांचे रूपकात्मक अर्थ लावत होता.

आपल्या मुलखात ही वाट वेगळ्या गरजेतून पडली. बाराव्या शतकात कल्याणात (आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणात) बसवण्णांनी एका वचनात विचारलं : धनवंत शिवालयं बांधतील, मी गरिबाने काय करावं? उत्तरही त्यांनीच दिलं. पाय हेच खांब, देह हेच देऊळ, शिर हाच सोन्याचा कळस. कल्पनाशक्तीचं याहून धीट काम माझ्या वाचनात नाही.

सोलापूरचे सिद्धरामेश्वर याच काळातले. ते तलाव खोदण्यात गढलेले असताना अल्लमप्रभू आले, त्यांची दृष्टी आतल्या शिवाकडे वळवली आणि त्यांना कल्याणला घेऊन गेले, अशी कथा ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात आहे. सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, ती तर प्रतीकावरच उभी आहे. कुंभारकन्येला योगी सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते शक्य नव्हतं, म्हणून तिचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, असं मानतात. संक्रांतीच्या दिवसांत पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी उंचच उंच नंदीध्वज पेलत निघतात आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात. समोर नवरदेव दिसत नाही, तरी लग्न लागतं. हे सोलापूरकराला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

याच जिल्ह्यातल्या पंढरपुराचंही एकनाथांनी (१५३३–१५९९) असंच वाचन केलं. ‘काया ही पंढरी आत्मा हा विठ्ठल’ म्हणताना ते तिथेच थांबत नाहीत. भावभक्ती ही भीमा होते, दया-क्षमा-शांती हे वाळवंट होतं आणि दहा इंद्रियांचा मेळ हा गोपाळकाला. आख्खं क्षेत्र देहात उतरतं. यात मागण्यासारखं काही उरतच नाही, आणि गोडार्ड यांच्या शिकवणीपासून ही परंपरा मला इथेच सर्वांत दूर गेलेली दिसते.

मात्र आतली पंढरी सगळ्यांनी हौसेने निवडलेली नव्हती. चोखोबांना देवळाचं दार बंद होतं. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना ते दरड कोसळून गेले. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा त्यांचा सवाल दाराबाहेरून विचारलेला आहे. ते दार दलितांसाठी उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं.