ऋतुसंधीचे चौदा दिवस

पावसाळा तोंडावर आला की ‘इम्युनिटी वाढवा’च्या जाहिराती सुरू होतात. ऋतू पालटताना शरीर सांभाळण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे, पण त्याचा रोख वेगळा होता. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा, म्हणजे ऋतूनुसार आहारविहाराचा. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात म्हणजे ऋतुसंधी. या दिवसांत जुना आहारविहार हळूहळू सोडावा, नवा हळूहळू अंगवळणी पाडावा. एकदम सोडण्या-धरण्याने रोग होतात, असे तो बजावतो. त्यासाठी एखादे खास औषध मात्र सांगत नाही.

ग्रंथ न उघडलेल्या घरांत ऋतूंचे भान सणांच्या ताटातून येत राहिले. भोगीला तीळ थापलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, शेजारी वालपापडी, ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरं घातलेली लेकुरवाळी भाजी. थंडीत भूक खवळते, तिला पुरून उरणारे हे जेवण. पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा, मिरे, चिंच. आषाढात कांदेनवमीला भजी-थालिपिठांवर ताव मारला की अनेक घरांत चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगे बंद; वांगे परतते ते चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्यासोबत. पावसाळ्यात अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावतो, असे चरकसंहिताही सांगते.

कोरोनाच्या साथीत, 2020च्या मार्चअखेरीस, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुकांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सुचवले. अनेक घरांत तो दिवसभर उकळत राहिला. ऋतुचर्येतला मापाचा विचार तिथेच सुटला, असे मला वाटते.

नुसत्या आहाराने सगळे रोग टळत नाहीत, हेही जुन्यांना ठाऊक होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात, उन्हाळ्याच्या अखेरीस, गंगाकाठी अग्निवेश गुरूला विचारतो: माणसांची प्रकृती, आहार, बळ, वय वेगवेगळे, मग एकच रोग सगळ्यांना एकदम कसा गाठतो? आत्रेय उत्तर देतो: हवा, पाणी, भूमी आणि काळ सगळ्यांचे सामायिक असतात.

ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तोही ऐन पावसाळ्यात. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर याच दिवसांत असतो. म्हणून घरातले वृद्ध, गरोदर बाई, दमा किंवा मधुमेह असलेले यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस मृगाआधीच घ्यावी.