जमीनवापर नियोजनातील पर्यावरणीय न्याय

शहराच्या विकास आराखड्यात घरे, कारखाने, बागा, कचराभूमी यांच्या जागा ठरतात. धूर आणि दुर्गंधी एकाच वर्गाच्या वाट्याला आणि मोकळी हवा दुसऱ्याच्या, अशी वाटणी त्यातून होऊ नये आणि ज्यांना तिथे राहायचे आहे त्यांचे म्हणणे आधी ऐकले जावे, अशी पर्यावरणीय न्याय या संकल्पनेची मागणी आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात, वॉरेन काउंटीच्या कृष्णवर्णीय बहुसंख्य भागात पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेली माती पुरण्याचे ठरले. त्याविरुद्धच्या सत्याग्रहात शेकडो लोकांना अटक झाली आणि हा विषय तिथल्या राजकारणात आला. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर कार्यकारी आदेश काढला. २०२५ मध्ये तो रद्द झाला.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईतील माहूल. चेंबूरच्या दक्षिणेला खाडीकाठी वसलेल्या या जुन्या कोळी-आगरी गावाशेजारी १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, मागोमाग खत कारखाना, वीजकेंद्र आणि रसायनांच्या टाक्या. याच पट्ट्यात पुढे प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ सातमजली इमारती उभ्या राहिल्या. घर २२५ चौरस फुटांचे, इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. जागा अशीच का, याचे उत्तर बरेचसे टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कात आहे. प्रकल्पग्रस्तांची घरे बांधून देणाऱ्या विकासकाला त्या बदल्यात महागड्या भागात वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क मिळतो. मग घरे जिथे जमीन स्वस्त तिथेच बांधली जाणार. कारखान्यांच्या कुंपणालगतची जमीन स्वस्त असते.

केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत माहूल परिसरातील ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेतून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. तरीही २०१७ मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर हजारो कुटुंबांना माहूलचाच रस्ता दाखवण्यात आला. जलवाहिनीची सुरक्षा हे कारण खरेच होते. पण पर्यायी जागा निवडताना लवादाचा निष्कर्ष कागदावरच राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विस्थापितांनी विद्याविहारला रस्त्याकडेला ठाण मांडले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यापुढे कुणालाही माहूलला पाठवू नये, आणि जे तिथे राहू इच्छित नाहीत त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे व ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला. स्वच्छ हवेत जगणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील (जीविताचा) हक्क मानला गेला. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने प्रदूषणाबद्दल चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्यास सांगितले.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ही तरतूद निव्वळ शोभेची नाही: मुंबईचा २०१५ चा मसुदा टीकेच्या रेट्याने नव्याने करावा लागला. मात्र हरकत घेतो तो आजचा रहिवासी किंवा जमीनमालक. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपडीत राहणाऱ्याला आपला पुढचा पत्ता माहूल असणार, हे तेव्हा ठाऊकच नसते.