बूम का उतरतो? पोकलेनच्या जॅकचे गणित

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या जांभ्याच्या खाणीत दुपारच्या जेवणासाठी पोकलेन बंद होते, ऑपरेटर बूम, म्हणजे मशीनला जोडलेला मोठा हात, उचललेलाच ठेवून जातो (मुळात ही सवयच चुकीची आहे) आणि परत येईपर्यंत बकेट वीतभर खाली आलेली असते. 'जॅकचं सील गेलं' असे निदान जागच्या जागी होते; जॅक म्हणजे बूम उचलणारा तेलाच्या दाबाचा सिलिंडर आणि सील म्हणजे त्यातले तेल अडवणारे कडे. सिलिंडर उतरवला जातो, नवे सील किट बसते आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी बूम पुन्हा तेवढाच उतरतो.

हे निदान का चुकते, ते साध्या गुणाकाराने कळते. ज्याला आपण जॅक म्हणतो त्या सिलिंडरचा आतला व्यास १२० मिमी आणि रॉडचा ८५ मिमी धरला, तर तळाच्या बाजूने पिस्टनचे पूर्ण क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर भरते. रॉडच्या बाजूला मात्र तेलाला ढकलण्यासाठी उरते जेमतेम ५६. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलो असेल, तर रॉड बाहेर जाताना सुमारे ३४ टन जोर लावतो आणि आत येताना १७ टन. तेल तेवढेच मिळत असेल, तर आत येण्याचा वेग मात्र जवळजवळ दुप्पट असतो.

बूमचे वजन रॉडला आत ढकलत असते. आता पिस्टनचे सील पुरते फाटले आहे, पण सिलिंडरची दोन्ही तोंडे व्हॉल्व्हने घट्ट बंद आहेत, असे समजा. तेल पिस्टनच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाईल, बाहेर मात्र जाणार नाही. रॉडला आत शिरायचे तर स्वतःच्या जाडीएवढी जागा हवी, ती तेलाने भरलेली आहे आणि तेल जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे बूम किंचित बसतो आणि थांबतो. फक्त सगळा भार आता रॉडच्या क्षेत्रफळावर येऊन आतला दाब सुमारे दुप्पट होतो. म्हणजेच बूम उतरतच राहिला, तर तेल कुठून तरी बाहेर पडते आहे. रॉडवर तेल ओघळलेले दिसत नसेल, तर संशय आधी कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलवर (तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सरकत्या दांडीवर) किंवा भार धरून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हवर घ्यावा. फाटलेले सील दाब वाढवून ती गळती वेगवान करते हे खरे, पण एकट्याने ते बूम खाली आणू शकत नाही. पुढे पसरलेल्या आर्मची, म्हणजे बूमच्या टोकाला जोडलेल्या पुढच्या हाताची, गोष्ट उलटी आहे: तिथे वजन रॉडला बाहेर ओढते, त्यामुळे सीलही दोषी असू शकते.

सीलची डोकेदुखी जुनीच. इंग्रज संशोधक जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हा त्याला छळत होती ती गळतीच. दाबानेच फुगून भिंतीला चिकटणारी चामड्याची वाटी वापरून ती थांबवण्याचे श्रेय त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला दिले जाते. आजचे सील रबर किंवा पॉलियुरेथेनचे असले तरी युक्ती तीच आहे, आणि ती चालते समोरचा पृष्ठभाग गुळगुळीत असेपर्यंतच. म्हणून काम थांबल्यावर रॉड पुसून त्यावरून नख फिरवावे. नख अडकले की तिथला ओरखडा प्रत्येक फेरीत सील कापतो आहे असे समजावे; अशा रॉडवर नवे सील चढवणे म्हणजे पैसे चिखलात घालणे. जांभ्याची भुकटी आणि निपाणीकडची काळी माती रॉडच्या तोंडाशी वाळून कडे धरते, ते कडे फडक्याने काढावे, पात्याने खरवडू नये.

होजमधून, म्हणजे तेल नेणाऱ्या नळीतून, बारीक फवारा उडत असेल, तर तो हाताने चाचपणे जिवावर बेतू शकते. सुईएवढ्या छिद्रातले तेल कातडी भेदून आत जाते, जखम टिंबाएवढी दिसते आणि तरीही ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायला पुठ्ठा फिरवावा. जोड उघडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून आणि मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे लिव्हर हलवून दाब सोडावा.

कणकुंबीकडच्या पावसाळ्यात मशीन कित्येक आठवडे उभे राहणार असेल, तर आर्म आणि बकेट पुढे पसरून बूम खाली टेकवावा, म्हणजे बहुतेक रॉड सिलिंडरच्या आत राहतात. जो भाग बाहेर उरेल त्यावर ग्रीसचा थर द्यावा, आणि पाऊस ओसरल्यावर इंजिन सुरू करण्याआधी धूळ धरलेले ते ग्रीस आठवणीने पुसून काढावे.