जागतिक ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा

वळणावर भिंतीसारखी उभी होत जाणारी लाकडी धावपट्टी आणि ब्रेक नसलेल्या सायकली, या दोन गोष्टींवर उभ्या असलेल्या खेळाची ही सर्वोच्च वार्षिक स्पर्धा. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघ, म्हणजे यूसीआय, ती दरवर्षी नव्या शहरात भरवतो. पुरुषांचे अकरा आणि महिलांचे अकरा असे बावीस किताब इथे ठरतात. विजेत्याला पदकाबरोबर पांढऱ्या कापडावर निळा, लाल, काळा, पिवळा व हिरवा असे आडवे पट्टे असलेली जर्सी मिळते. पुढचे वर्षभर त्या प्रकारात ती घालण्याचा हक्क फक्त त्याचा.

ट्रॅकच्या बंदिस्त मैदानाला वेलोड्रोम म्हणतात. आजच्या स्पर्धेचा ट्रॅक २५० मीटरचा असतो. सरळ भागात त्याचा उतार साधारण बारा अंश, तर वळणावर बेचाळीसच्या आसपास. एवढ्या चढावर सायकल टिकते ती वेगामुळे. वेग पडला की चाके खाली घसरतात. सायकलला गिअर नाहीत, फ्रीव्हीलही नाही. चाक फिरते तोवर पायडल फिरतेच. वेग कमी करायचा तर पायांनीच पायडलला उलटा जोर द्यायचा. ब्रेक नसणे ऐकायला धोक्याचे वाटते, पण खरा धोका एखाद्याने अचानक ब्रेक दाबण्यात असता. पट्टीवर खालून वर काळी, लाल आणि निळी अशा तीन रेषा आखलेल्या असतात. काळ्या रेषेवर अंतर मोजतात. लाल रेषेच्या आत शिरून अंतिम मुसंडी मारणाऱ्याला मागच्याने आतल्या बाजूने ओलांडायचे नाही, असा स्प्रिंटचा, म्हणजे छोट्या वेगवान शर्यतीचा, नियम आहे.

पहिली स्पर्धा १८९३ मध्ये शिकागोला झाली, तीही फक्त हौशी खेळाडूंसाठी. तीनच शर्यती होत्या. दोन अमेरिकेच्या आर्थर झिमरमनने जिंकल्या आणि १०० किलोमीटरची दक्षिण आफ्रिकेच्या लॉरेन्स मेंटजेसने. दोन वर्षांनी कोलोनमध्ये व्यावसायिकांनाही किताब मिळू लागले. तेव्हाची संघटना वेगळी होती. ब्रिटनने एक संघ उतरवायचा की इंग्लंड, स्कॉटलंड वगैरे वेगवेगळे, यावरून इतर देशांशी तिचे बिनसले आणि १९०० मध्ये पॅरिसला यूसीआयची स्थापना झाली. हौशी आणि व्यावसायिक ही विभागणी मात्र १९९२ पर्यंत टिकली. महिलांना तर १९५८ पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हाही वाट्याला आल्या दोनच शर्यती, स्प्रिंट आणि पर्स्यूट, म्हणजे पाठलागाची शर्यत. पुरुष आणि महिलांच्या वैयक्तिक पर्स्यूटचे अंतर सारखे व्हायला २०२५ साल उजाडले.

स्प्रिंट प्रथमच पाहणाऱ्याला वाटते की काहीतरी बिघडले आहे. जगातले सर्वांत वेगवान दोन सायकलस्वार ट्रॅकवर येतात आणि चालत गेल्यासारखे पुढे सरकतात. पुढचा मान मागे वळवून बघतो, मागचा वर उंचावर चढून बसतो. मध्येच एखादा थांबतो: दोन्ही पायडलवर वजन तोललेले, पुढचे चाक वर वळवलेले, सायकल जागच्या जागी बोटभर पुढे-मागे डुलते. सगळा खटाटोप दुसऱ्याने पुढे जावे म्हणून. पुढच्याला हवा कापावी लागते, मागचा त्याच्या आडोशाने ताकद राखतो आणि शेवटच्या क्षणी बाहेरून निघतो. पूर्वी हे थांबणे अर्ध्या तासाहूनही लांबल्याची उदाहरणे आहेत. आता तीस सेकंदांची मर्यादा आहे. माझ्या मते या मर्यादेने खेळाची थोडी गंमत गेली, पण तिकीट काढून आलेल्यांची बाजूही समजण्यासारखी आहे.

या प्रकारात जपानच्या कोइची नाकानोने १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक गटाचा किताब सोडला नाही. कीरिन हा प्रकारही जपानचाच. तिथे १९४८ पासून त्यावर अधिकृत सट्टा चालतो. जागतिक स्पर्धेत तो १९८० मध्ये आला. मोटारसायकलवर बसलेला वेगवाहक स्वारांच्या पुढे राहून हळूहळू वेग वाढवत नेतो आणि तीन फेऱ्या उरल्या की बाजूला होतो. मग जी धक्काबुक्की होते तिला शर्यत म्हणायचे. स्प्रिंट गटातला आजचा धनी नेदरलँड्सचा हॅरी लाव्रेसन. २०२४ मध्ये डेन्मार्कच्या बॅलेरुपला त्याने फ्रान्सच्या आर्नो तूर्नांचा चौदा किताबांचा विक्रम मागे टाकला.

वैयक्तिक पर्स्यूट याच्या अगदी उलट. दोघे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात, चार किलोमीटर घड्याळाशी झुंजतात, डावपेच जवळजवळ नाहीत. म्हणूनच इथे भांडण झाले ते सायकलवर बसण्याच्या पद्धतीवरून. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने घरी बनवलेल्या सायकलमध्ये धुलाई यंत्राचे बेअरिंग बसवले होते. हात छातीखाली दुमडून तो त्या सायकलवर जवळजवळ आडवा होत असे. १९९३ मध्ये हामारला तो जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी पालेर्मोला यूसीआयने ती बैठक अवैध ठरवून त्याला बाद केले. ओब्रीने हात पुढे लांबवून उडत्या माणसासारखी नवी बैठक काढली आणि १९९५ मध्ये बोगोटाला पुन्हा किताब घेतला. हीच बैठक वापरून ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरला ४ मिनिटे ११.११४ सेकंदांचा विक्रम केला. नंतर तिच्यावरही बंदी आली, आणि तो आकडा मोडायला २०११ पर्यंत वाट पाहावी लागली. बॅलेरुपला २०२४ मध्ये मात्र ब्रिटनच्या जोश चार्लटनने ३ मिनिटे ५९.३०४ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि त्याच दिवशी इटलीच्या जोनाथन मिलानने तो ३ मिनिटे ५९.१५३ सेकंदांवर आणला. इटलीच्याच फिलिप्पो गान्नाने हा किताब २०१६ ते २०२३ या काळात सहा वेळा जिंकला आहे.

ऑलिंपिकने टाकून दिलेल्या शर्यतींना या स्पर्धेत घर मिळाले आहे. एक किलोमीटरची घड्याळाविरुद्धची शर्यत २००४ नंतर ऑलिंपिकमधून गेली, वैयक्तिक पर्स्यूट आणि गुणांची शर्यत २००८ नंतर. जागतिक स्पर्धेत त्या तिन्ही चालू आहेत. इथूनही काही प्रकार गेलेच: मोटारसायकलच्या मागे धावणारी स्टेयर शर्यत आणि दोन स्वारांच्या टँडमची स्प्रिंट, दोन्ही शेवटच्या १९९४ मध्ये झाल्या. दर ठरावीक फेऱ्यांनी शेवटचा स्वार बाद करणारी एलिमिनेशन शर्यत २०२१ मध्ये आली.

१९९५ पासून असलेली मॅडिसन डोळ्यांनी नीट पकडता येणे कठीण. प्रत्येक देशाचे दोन स्वार, पण शर्यतीत एका वेळी एकच. दुसरा निळ्या रेषेच्या वर संथ फिरत दम खातो. जोडीदार खालून वेगाने येतो, हा थोडा खाली उतरतो, दोघांचे हात एकमेकांत अडकतात आणि थकलेला आपला सगळा वेग एका हिसक्यात ताज्या स्वाराच्या हातात देतो. पंधरा-सोळा जोड्या हे एकाच वेळी, ठिकठिकाणी करत असतात. दर दहा फेऱ्यांनी गुण मिळतात, इतरांवर एक फेरी चढवली तर वीस. पुरुष ५० किलोमीटर धावतात, महिला ३०. नाव न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवरून पडले. तिथल्या सहा दिवसांच्या शर्यतीत एका स्वाराला दिवसातून बारा तासांहून जास्त पळवायला कायद्याने मनाई झाली, तेव्हा आयोजकांनी जोड्यांची ही युक्ती काढली. महिलांना जागतिक स्पर्धेत ती २०१७ मध्ये खुली झाली.

अलीकडे ही स्पर्धा बहुधा ऑक्टोबरमध्ये होते. २०२१ ची तुर्कमेनिस्तानच्या अश्गाबातला ठरली होती, ती फ्रान्समधल्या रुबेला हलवावी लागली. २०२३ मध्ये ग्लासगोला रस्ता, डोंगर, ट्रॅक अशा सायकलिंगच्या अनेक शाखांच्या जागतिक स्पर्धा ऑगस्टमध्ये एकत्र भरल्या. सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी ज्युनियर गटाची स्पर्धा वेगळी होते. एसोव आल्बनने २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या एगल इथे कीरिनमध्ये भारतासाठी रौप्यपदक मिळवले ते याच गटात. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट अन डर ओडरला तो रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांच्याबरोबर सांघिक स्प्रिंटमध्ये उतरला, तेव्हा भारताने सुवर्णपदक जिंकले.